जास्त एमबीपीएस, तरी कॉल का अडखळतो?

व्हिडिओ कॉल अडखळला की आपण जास्त एमबीपीएसचा प्लॅन घेतो. पण एमबीपीएस म्हणजे सेकंदाला किती माहिती वाहून जाते, एवढेच. ती पोचायला लागणारा वेळ निराळा. त्याला लेटन्सी (विलंबकाळ) म्हणतात. त्यातला काही टळत नाही: काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे 2 लाख किलोमीटर जातो, म्हणून मुंबई–न्यूयॉर्क जाऊन-येऊन सुमारे 125 मिलिसेकंद लागतातच.

घरातला विलंब मात्र बरेचदा राउटरमध्ये साचतो. टोलनाका तेवढाच ठेवून त्याआधी गाड्या थांबायची जागा वाढवली, तर रांगच लांबते आणि रुग्णवाहिकाही तिच्यात अडकते. राउटरमधला बफर (माहितीची पाकिटे थांबवायची जागा) असाच फार मोठा असला, की एकाच्या फोटो-बॅकअपने सगळ्यांचे कॉल रखडतात. कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी 2012 मध्ये मांडलेली 'कोडेल' पद्धत पाकिटे किती साचली यापेक्षा ती किती वेळ थांबली हे पाहते. रांग रेंगाळत राहिली, तर कोडेल काही पाकिटे टाकून देते. त्यावरून पाठवणारा संगणक वेग आवरतो आणि हरवलेले पाकीट पुन्हा पाठवतो. फोटो पूर्णच पोचतो.

तुमच्या राउटरमध्ये एसक्यूएम (रांग आवरण्याची सोय) असेल, तर महागड्या प्लॅनआधी ती सुरू करून पाहा.