पार्सल पोहोचलं... पण कुणाकडे?

मागच्या पावसाळ्यातली गोष्ट. आजीचा चष्मा फुटला. मामाने नवा करून कुरियरने पाठवला. तिसऱ्या दिवशी मोबाइलवर निरोप आला, ‘पार्सल पोहोचवले.’ आजी दाराशी जाऊन आली. दारात कुणीच नाही! चौकशीला फोन केला, तर पलीकडचा मुलगा म्हणाला, “सिस्टीममध्ये डिलिव्हर्ड दिसतंय.” पाच वेळा विचारलं, पाचही वेळा हेच! चौथ्या दिवशी बी विंगमधल्या काकूंनी गावाहून आल्यावर चष्मा आणून दिला. फ्लॅटचा नंबर आमचाच, विंग दुसरी. तोवर आजी रोज पेपर नुसता हातात धरून बसायची.

मग यंत्र खोटं बोललं का? छे! त्याला जे सांगितलं, तेच ते बोललं.

पार्सल वाटेत चुकू नये म्हणून केवढी तयारी असते, बघा. आपल्याकडे वडगाव किती, पिंपळगाव किती! पूर्वी टपाल निवडणाऱ्यांना कोणतं गाव कोणत्या पोस्टाखाली येतं, हे पाठ असावं लागे. त्यातून सोडवलं पिन कोडने. १५ ऑगस्ट १९७२ रोजी तो सुरू झाला, आणि त्यामागे होते आपले श्रीराम भिकाजी वेलणकर, टपाल खात्यातले अधिकारी आणि संस्कृतचे कवीसुद्धा! सहा आकड्यांतला पहिला आकडा विभाग सांगतो, शेवटचे तीन वाटप करणारं पोस्ट.

आता स्पीड पोस्टच्या पाकिटावरचा बारकोड पाहा. खाली दोन अक्षरं, नऊ आकडे, पुन्हा दोन अक्षरं. नववा आकडा म्हणजे पहारेकरी बरं का! समजा, नंबर आहे ४७३१२४८२९. पहिल्या आठ आकड्यांना ओळीने ८, ६, ४, २, ३, ५, ९, ७ ने गुणा. बेरीज २००. तिला ११ ने भागलं की बाकी २. अकरातून दोन गेले, उरले ९. जमलं! (बाकी ० किंवा १ आली, तर नियम जरा निराळा.) कुणी घाईत ४७ च्या जागी ७४ टाइप केलं, तर बेरीज २०६ होते, नववा आकडा ३ यायला हवा, आणि संगणक लगेच अडतो.

पण हा पहारेकरी फक्त नंबर तपासतो. दार कुणी उघडलं, हे त्याला कुठे ठाऊक? ते पार्सल आणणाऱ्या माणसानेच बघायचं. नाव विचारायचं, विंग वाचायची, आणि हातात दिल्यावरच ‘पोहोचवले’चं बटण दाबायचं. जिन्यात नाही! नव्या मुलाला हे कुणीतरी शिकवावं लागतं, दोन-चार दिवस जुन्या माणसाबरोबर फिरवावं लागतं. नुसतं यंत्र हातात देऊन भागत नाही. फोनवरच्या मुलालाही पडद्यावरची ओळ तेवढी वाचायला शिकवलेलं. “पार्सल नेमकं कुणी घेतलं?” एवढं त्याने वाटप करणाऱ्याला विचारलं असतं, तर आजीचा चष्मा त्याच संध्याकाळी कुठे आहे ते कळलं असतं.

एक कबूल करतो हं. मामाने पत्त्यात विंग लिहिलीच नव्हती!

परवा तोच कुरियरवाला पुन्हा आला. पावसात भिजलेला, पाठीवर भली मोठी पिशवी. खालूनच ओरडला, “आजी, ए विंगच ना?” आजी नवा चष्मा सावरत गॅलरीत गेली आणि म्हणाली, “हो रे बाबा, ये वर. चहा टाकते.”