जुन्नर-आंबेगावातून मानसशास्त्रज्ञ होताना: ऐकीव काय, खरं काय

बारावीचा निकाल लागला की मंचर, नारायणगाव, ओतूरच्या महाविद्यालयांत चौकशीची गर्दी होते आणि हल्ली त्या गर्दीत ‘सायकॉलॉजी’ हा विषय बऱ्याचदा कानावर पडतो. आवड खरी असते. माहिती मात्र मोबाईलवरून आलेली, आणि त्यातली बरीचशी अमेरिकेची. तिथे डॉक्टरेट करायची, परीक्षा द्यायची आणि राज्याचा परवाना काढायचा, अशी रीत आहे. आपल्याकडची व्यवस्था निराळी आहे, आणि ती समजून न घेतल्यामुळे मुलांची वर्षं आणि घरच्यांचे पैसे वाया जाऊ शकतात.

‘सायन्स नाही, मग जमणार नाही.’

जमतं. कला शाखेतून बारावी झालेल्यांनाही मानसशास्त्र घेऊन बी.ए. आणि पुढे एम.ए. करता येतं. फक्त प्रवेश घेताना एक गोष्ट स्पष्ट विचारावी: आपल्या महाविद्यालयात मानसशास्त्र मुख्य विषय म्हणून पदवीपर्यंत आहे का, की पहिल्या वर्षापुरतंच? एम.ए.च्या वेळी हा फरक आडवा येऊ शकतो. आणि गणित सुटलं म्हणून कोणी खूश होऊ नये, कारण सांख्यिकी पाठ सोडत नाही.

‘एम.ए. झालं की पाटी लावायची.’

सगळा घोळ इथे आहे. एम.ए. ही विषयाची पदवी झाली. रुग्णावर उपचार करण्याची परवानगी नव्हे. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून काम करायचं, तर भारतीय पुनर्वसन परिषदेच्या, म्हणजे आर.सी.आय.च्या, केंद्रीय नोंदवहीत नाव लागतं. परिषदेचा कायदा १९९२ चा. नोंदणीशिवाय असं काम करणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षा त्यात लिहिलेली आहे. हजार रुपयांना आज कोण भिणार, हा प्रश्न रास्तच आहे, पण कायदा आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानेही क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट कोणाला म्हणायचं, हे परिषदेच्या मान्यतेशीच बांधलं, आणि राज्याच्या मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडच्या नोंदणीची तरतूद केली.

नोंदणीची वेगळी परीक्षा नसते. कस लागतो तो त्याआधीच्या प्रशिक्षणात. आजवरचा राजमार्ग म्हणजे एम.फिल.: पूर्णवेळ दोन वर्षं, रुग्णालयात, अनुभवी तज्ज्ञाच्या देखरेखीखाली. एम.ए.ला ५५ टक्के (अनुसूचित जाती-जमातींना ५० टक्के), मग प्रवेश परीक्षा, मग मुलाखत. पुण्यात ससूनच्या आवारातल्या महाराष्ट्र मानसिक आरोग्य संस्थेत हा अभ्यासक्रम चालत आला आहे. बाहेर बंगळुरूचं निम्हान्स आणि रांचीजवळ कांके इथली केंद्रीय संस्था ही जुनी, नामांकित ठिकाणं. बारावीनंतर हिशेब किमान सात वर्षांचा होतो. एका संस्थेत जागा अगदी मोजक्या असतात, कारण एका मार्गदर्शकाकडे किती शिकाऊ असावेत यावर मर्यादा आहे. माझ्या मते खरी अडचण ही आहे. आपल्याकडची पोरं बुद्धीत कमी पडत नाहीत. जागाच कमी पडतात. पहिल्या प्रयत्नात प्रवेश झाला नाही, तर खचून जाण्याचं कारण नाही.

एम.फिल.बाबत आणखी एक सांगायला हवं. नव्या शैक्षणिक धोरणानंतर विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ मध्ये एम.फिल. बंद केली, क्लिनिकल सायकॉलॉजीला मात्र २०२५-२६ च्या प्रवेशांपर्यंत सवलत दिली. त्यामुळे आज बारावीत असलेल्या मुलाने थोरल्या चुलत बहिणीचा मार्ग डोळे झाकून धरू नये. नोंदणीला कोणता अभ्यासक्रम आणि कोणती संस्था चालते, हे त्या त्या वर्षी परिषदेच्या संकेतस्थळावर पाहावं. दलालाच्या किंवा जाहिरातीच्या शब्दावर फी भरू नये.

‘पीएच.डी. केली म्हणजे परवाना आलाच.’

नाही. नावामागे डॉक्टर लागतं, प्राध्यापकी मिळू शकते. पण पीएच.डी. हे संशोधन आहे. रुग्णालयातल्या प्रशिक्षणाची जागा ते घेत नाही.

‘नोकरी सांभाळून घरबसल्या करता येईल.’

भीमाशंकरच्या पट्ट्यातल्या किंवा आदिवासी पाड्यावरच्या मुलीला हा पर्याय सोयीचा वाटतो, हे समजण्यासारखं आहे. पण २०२५ च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून मानसशास्त्राला मुक्त, दूरस्थ किंवा ऑनलाइन पद्धतीने नवे प्रवेश देऊ नयेत, असं आयोगाने सांगितलं आहे. दुर्गम भागावर हा निर्णय जड जाणार. मग पुण्यात राहण्या-खाण्याचा खर्च आला. आदिवासी विद्यार्थ्यांना वसतिगृहात जागा मिळाली नाही, तर पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजनेतून मदत मिळू शकते. घोडेगावच्या आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयात त्याची चौकशी करावी.

गोळ्या कोण देतं, यावरही गोंधळ असतो. गोळ्या देतो तो मनोविकारतज्ज्ञ, म्हणजे एम.बी.बी.एस. होऊन मग मानसोपचारात शिकलेला डॉक्टर. मानसशास्त्रज्ञ चाचण्या आणि बोलण्यातून चालणारे उपचार करतो, औषध लिहीत नाही. मुलाच्या बौद्धिक अक्षमतेच्या दाखल्यासाठी बुद्ध्यांक तपासावा लागतो, तेव्हा असा प्रशिक्षित माणूस हवाच.

मग ‘समुपदेशक’ अशी पाटी लावणारे सगळे खोटे का? तसंही नाही. सरकारी रुग्णालयांतल्या एच.आय.व्ही. केंद्रांवरचे समुपदेशक मोलाचं काम करतात. २०२१ च्या संलग्न आरोग्य व्यवसाय कायद्याने पुनर्वसन परिषदेखाली न येणारे मानसशास्त्रज्ञ आणि समुपदेशक यांनाही आपल्या यादीत घेतलं आहे. पण एका आठवड्याचं प्रमाणपत्र घेऊन डिप्रेशनचं निदान करणारा आणि वर्षानुवर्षं शिकून नोंदणी झालेला, हे पाटीवर सारखेच दिसतात. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवणाऱ्याला नोंदणी क्रमांक विचारावा. विचारण्यात अपमान काही नाही. खरा असेल तो लगेच सांगतो.

‘शिकून गावात काय करणार?’ हा प्रश्न बहुतेक वडीलधारे विचारतात. आंबेगाव तालुक्याने ३० जुलै २०१४ ला माळीणची दरड पाहिली, दीडशेहून अधिक माणसं गेली. जुन्नर वनविभागात बिबट्याच्या भीतीने संध्याकाळी उसाच्या कडेने जायला लोक धजावत नाहीत. झोप उडालेली, छातीत धडधड, अंगात येणं, ‘बाहेरचं झालंय’ अशा तक्रारी मांडणाऱ्या आजीचं बोलणं इथल्याच मुलीला जितकं उमगेल, तितकं शहरातल्या तज्ज्ञाला उमगेलच असं नाही. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाच्या पथकात क्लिनिकल सायकॉलॉजिस्टचं पद असतं. शाळा, विशेष मुलांच्या संस्था, व्यसनमुक्ती केंद्रं इथेही काम असतं. आणि ज्याला आजच कोणाशी बोलायची गरज आहे, त्याच्यासाठी ऑक्टोबर २०२२ पासून टेली मानसचा १४४१६ हा मोफत क्रमांक चालू आहे. तिथे मराठीतून बोलता येतं.