बारा धडे डोंगराचे

डोंगर चढायचा असतो, हे तुम्हाला कुणी सांगायला नको. सुट्टीत मामाबरोबर नाहीतर काकाबरोबर एखाद्या गडावर जाऊन आलेले तुमच्यातले कितीतरी जण असतील. पण दोस्तांनो, डोंगर शिकायचाही असतो, हे ठाऊक आहे का? आणि तोही बसल्या जागी, पडद्यावर, सातासमुद्रापलीकडच्या शिक्षकांकडून?

कॅनडा देशाच्या पश्चिमेला अल्बर्टा नावाचा प्रांत आहे. त्याच्या कडेने रॉकी पर्वताची बर्फाळ रांग गेली आहे. तिथल्या अल्बर्टा विद्यापीठाने २०१७ साली इंटरनेटवर एक अभ्यासक्रम सुरू केला. त्याचं नाव 'माउंटन्स १०१'. तिकडच्या कॉलेजांत कुठल्याही विषयाच्या पहिल्यावहिल्या पाठाला १०१ हा आकडा देतात. म्हणजे आपल्या भाषेत सांगायचं तर 'डोंगर : इयत्ता पहिली'!

यात बारा धडे आहेत. डोंगर कसे उभे राहतात, कसे झिजतात, त्यांच्यामुळे पाऊसपाणी कसं ठरतं, हिमनद्या म्हणजे काय, तिथले प्राणी नि झाडं कशी तग धरतात, माणसं डोंगराला देव का मानतात, आणि हवा तापू लागली तसं डोंगरांचं काय होतंय, असं सगळं त्यात येतं. शिकवणारे दोघे. डेव्हिड हिक हे निसर्गातल्या जीवांचा अभ्यास करणारे शास्त्रज्ञ, तर झॅक रॉबिन्सन हे इतिहासाचे अभ्यासक. गंमत म्हणजे हे दोघे फळ्यापुढे उभे राहून शिकवत नाहीत. कधी दरीच्या तळाशी, कधी शिखरावर, कधी संग्रहालयात, तर कधी डोंगरातल्या झोपडीवजा निवाऱ्यात उभे राहून बोलतात. प्रत्येक धड्याच्या शेवटी प्रश्न असतात, आणि डोंगरात वावरायची एखादी युक्तीही असते. बूट कसे निवडावेत, बर्फाच्या उतारावर निर्णय कसा घ्यावा, वगैरे.

नाव बाईंचं, डोळे सगळ्यांचे

मी एका खेड्यातल्या शाळेत शिकवते. शाळा डोंगराच्या कुशीत. अभ्यासक्रमाला मी माझ्या नावाने बसले. पण शनिवारी सकाळची शाळा सुटली की सहावी-सातवीची नऊ मुलं डबा खाऊन थांबायची. लोकवर्गणीतून आलेल्या टीव्हीवर आम्ही धडा लावायचो.

पहिली अडचण भाषेची. सगळं इंग्रजीत, आणि तेही भरभर! पहिल्या दिवशी पाच मिनिटांत दोघांना जांभया आल्या. मग आम्ही एक पद्धत ठरवली. दोन मिनिटं व्हिडिओ चालू, मग बंद. काय दिसलं ते आधी मुलांनी सांगायचं, काय ऐकू आलं ते मग मी सांगायचं. पडद्याखाली इंग्रजी अक्षरं उमटतात, ती एकाने मोठ्याने वाचायची. नवा शब्द आला की त्याला आपला शब्द शोधायचा. 'ग्लेशियर'ला हिमनदी हे पुस्तकातून मिळालं. पण डोंगराच्या निमुळत्या लांब धारेला काय म्हणायचं? एक मुलगा गुरं राखायला जातो. तो पटकन म्हणाला, "बाई, ती तर सोंड!" पाण्याच्या पाझराला, कड्याला, खिंडीला, कातळातल्या आरपार भोकाला, म्हणजे नेढ्याला, सगळ्यांना त्याच्याकडे शब्द तयार होते. एरवी वर्गात मागे बसणारा हा मुलगा शनिवारी पुढे बसू लागला.

डोंगरावर शंख कुठून आले?

मुलांना सगळ्यात जास्त चक्रावून टाकलं ते दुसऱ्या धड्याने, म्हणजे डोंगरांच्या जन्माने. पृथ्वीचं कवच अखंड नाही. ते मोठमोठ्या तुकड्यांचं आहे, आणि हे तुकडे अगदी हळू सरकतात. दोन तुकडे एकमेकांवर रेटले गेले की मधला थर चटईसारखा गोळा होऊन वर उचलला जातो. हिमालय असाच झाला. भारताचा तुकडा सुमारे पाच कोटी वर्षांपूर्वी आशियाला भिडला आणि मधल्या समुद्राचा तळच आकाशात गेला! एव्हरेस्टच्या माथ्यावर चुनखडक आहे, आणि त्यात समुद्रातल्या जीवांचे अवशेष आहेत. रॉकी पर्वतातही तसंच. तिथे बर्जेस शेल नावाची जागा आहे. १९०९ साली चार्ल्स वॉलकॉट या शास्त्रज्ञाला तिथे जीवाश्म सापडले. ते पन्नास कोटी वर्षांहून जुन्या समुद्री प्राण्यांचे होते. आज ती जागा उंच डोंगरात आहे.

हे ऐकून एक मुलगी म्हणाली, "पण बाई, हे खरं कशावरून?"

मी तिला विचारलं, "तुझ्या आजीच्या देवघरात शाळिग्राम आहे ना?"

शाळिग्राम नेपाळमधल्या गंडकी नदीतून येतो. त्याच्या पोटात जी गोल चक्राकार खूण असते, ती फार पूर्वी समुद्रात राहणाऱ्या अमोनाइट नावाच्या प्राण्याच्या शंखाची. आजी रोज ज्याला गंध लावते, तो हिमालय समुद्रातून आल्याचा पुरावा आहे. आजीचा देव देवच राहिला, आणि नातीला शास्त्रही कळलं.

मग पुढचा प्रश्न आपोआप आला. आपल्या डोंगरात शंख का सापडत नाहीत? तर दोस्तांनो, आपला सह्याद्री असा रेटून, घडी पडून झालेला नाही. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून लाव्हा वाहिला. थरावर थर साचले, थंड झाले, त्यांचा काळा पाषाण झाला. पुढे किनाऱ्याकडचा भाग तुटला, पावसाने आणि नद्यांनी पठार कापून काढलं. जे उरलं ते आपले कडे आणि गड. घाटातून जाताना समोरच्या डोंगरावर आडव्या पट्ट्या दिसतात ना? ते लाव्हाचे थर. आता आमची मुलं एसटीच्या खिडकीतून डोंगर बघत नाहीत, थर मोजतात!

थर्मामीटर घेऊन डोंगरावर

चढत जावं तशी हवा गार होते. साधारण हजार मीटरला साडेसहा अंशांनी, असं पुस्तक सांगतं. आमचा डोंगर गावापासून अडीचशे मीटर उंच. म्हणजे फरक दीड-पावणेदोन अंशांचा पडायला हवा. मुलांनी दोन थर्मामीटर मिळवले. एक गट खाली, एक वर, वेळ एकच. पण वरचं तापमान जास्त निघालं! "कॅनडाचे सर चुकले," असा निकालही एकाने देऊन टाकला. मग कळलं, वरच्या गटाने थर्मामीटर तापलेल्या कातळावर ठेवला होता. तो हवेचं नाही, दगडाचं तापमान सांगत होता. पुढच्या शनिवारी दोन्हीकडे झाडाच्या सावलीत, हवेत टांगून पाहिलं. फरक जवळपास दोन अंश आला. व्हिडिओ पाहून जे पटलं नसतं, ते त्या दिवशी पटलं.

उंचीवर हवाही विरळ होते. हवेतला प्राणवायूचा वाटा तोच राहतो. पण हवाच कमी, म्हणून प्रत्येक श्वासात प्राणवायू कमी. साडेपाच हजार मीटरवर तो समुद्रकाठच्या निम्मा, आणि एव्हरेस्टवर जेमतेम एक तृतीयांश! पाणीही लवकर उकळतं. लेह गावात सुमारे ८८ अंशांनाच. म्हणून तिथे कुकरशिवाय डाळ शिजता शिजत नाही. आणि तरीही पट्टकादंब नावाचे हंस हिमालय ओलांडून येतात आणि हिवाळ्यात आपल्या उजनी, जायकवाडीच्या पाण्यावर उतरतात.

मुलं गप्प झाली तो धडा

हिमनद्यांच्या धड्याच्या वेळी आम्ही रॉकी पर्वतातल्या अथाबास्का हिमनदीची माहिती शोधली. ती ज्या हिमक्षेत्रातून निघते, त्याचं वितळलेलं पाणी तीन महासागरांकडे जातं. सव्वाशे वर्षांत ही हिमनदी दीड किलोमीटरहून अधिक मागे हटली आहे. तिच्या वाटेवर पाट्या लावल्या आहेत. अमुक साली बर्फ इथवर होता, तमुक साली इथवर. एका मुलीने वहीत फक्त एवढंच लिहिलं : 'पाट्या पुढे आहेत, बर्फ मागे आहे.'

पण मुलं खरी गप्प झाली ती डोंगरातल्या धोक्यांच्या धड्याला. त्यानंतर आम्ही अल्बर्टातल्याच फ्रँक या गावाची हकीकत वाचली. २९ एप्रिल १९०३ च्या पहाटे टर्टल पर्वताचा कडा सुटला. सुमारे अकरा कोटी टन दगड अवघ्या दीड मिनिटात खाली आला. सत्तर ते नव्वद माणसं गेली. तिथले मूळ रहिवासी त्या डोंगराला 'हलणारा डोंगर' म्हणत असत!

माळीण हे नाव कुणीतरी हळूच घेतलं. पुणे जिल्ह्यातलं ते गाव ३० जुलै २०१४ ला दरडीखाली गेलं. २०२१ च्या जुलैत महाडजवळचं तळिये. २०२३ च्या जुलैत खालापूर तालुक्यातली इरशाळवाडी. आमच्या नऊ मुलांपैकी तिघांची घरं डोंगराच्या उताराखालच्या वाडीत आहेत. त्यातली एक म्हणाली, "बाई, आम्हाला आधी कळेल का?"

नक्की कळेलच, असं कुणीही सांगू शकत नाही. पण खुणा असतात. उतारावर जमिनीला नव्या भेगा पडणं, झाडं किंवा विजेचे खांब कलणं, झऱ्याचं पाणी अचानक गढूळ होणं, नवीनच ठिकाणी पाणी फुटणं, लहान दगड सतत घरंगळणं, घराची दारं एकाएकी अडकायला लागणं. जोराचा पाऊस चालू असताना यातलं काही दिसलं, तर वाट बघत बसायचं नाही. घर सोडून सुरक्षित जागी जायचं आणि मोठ्यांमार्फत तलाठ्यांना, ग्रामपंचायतीला कळवायचं.

त्या तिघांनी वाडीचा नकाशा काढला. ओढा कुठे, जुनी भेग कुठे, उतारापासून आणि ओढ्यापासून दूरची जागा कोणती, सगळं दाखवलं. एका आजोबांनी तो पाहिला आणि ओढ्याची जुनी वाट नकाशात नाही, ती बोट ठेवून दाखवली. पोरांना जे इंटरनेटवर मिळालं नाही, ते आजोबांना आठवत होतं. नकाशा आता वाडीच्या समाजमंदिरात लावला आहे. दर मे महिन्यात, पावसाआधी, तो पुन्हा तपासायचा असं ठरलं आहे.

कोण टिकलं, कोण गळलं

आता खरं ते सांगते. नऊ जणांनी सुरुवात केली, बाराव्या धड्यापर्यंत चौघेच पोचले. एकाला इंग्रजीचा कंटाळा आला. दोघांना शनिवारी शेतावर जावं लागे. दोघांना सगळे व्हिडिओ सारखेच वाटू लागले. यात त्यांचा काही गुन्हा नाही. इंटरनेटवरचा अभ्यास सुरू करणारे पुष्कळ, पुरा करणारे थोडे, असं मोठ्या माणसांचंही होतं. जे चौघे टिकले ते काही सगळ्यात हुशार नव्हते. पण ते एकमेकांच्या घरी जाऊन हाक मारायचे. एकट्याने पडद्यापुढे बसणं अवघड, चौघांनी मिळून सोपं.

आणि पडद्याला काय जमत नाही, तेही मुलांनीच सांगितलं. पडद्यावरच्या डोंगराला वास येत नाही. घाम येत नाही. पाय दुखत नाहीत. म्हणून धडा पाहून झाला की आपल्या डोंगरावर जायलाच हवं, मात्र मोठ्यांना बरोबर घेऊन, पुरेसं पाणी घेऊन आणि पावसाळ्यात कड्यापासून लांब राहून.

पालकांना एक विनंती. असा अभ्यासक्रम पाहायचा असेल तर नाव स्वतःचं नोंदवा आणि मुलांजवळ बसा. प्रमाणपत्रासाठी पैसे पडतात, आणि नियम बदलत असतात; ते आधी वाचून घ्या. प्रमाणपत्र नसलं तरी बिघडत नाही. आमच्या चौघांकडेही ते नाही.

तुम्हीही करून पाहा

१. घराजवळच्या एका डोंगराचा, टेकडीचा दर महिन्याला एकाच जागेवरून, एकाच वेळी फोटो किंवा चित्र काढा. वर्षाने बारा चित्रं शेजारी शेजारी ठेवा.

२. डोंगराशी नातं असलेले दहा शब्द आजी-आजोबांकडून मिळवा. सोंड आणि नेढं धरायचं नाही, ते आम्ही आधीच घेतलेत!

३. ११ डिसेंबर हा आंतरराष्ट्रीय पर्वत दिन. २००३ पासून जगभर पाळतात. त्या दिवशी वर्गात आपल्या डोंगराबद्दल पाच मिनिटं बोला. तो कशाचा बनलाय, त्याचं पाणी कुठे जातं आणि त्याच्या पायथ्याशी कोण राहतं, एवढं सांगता आलं तरी तुमचा पहिला धडा झालाच म्हणून समजा.