निकोटिनिक ग्राहीची जुळणी आणि यजमान पेशी

निकोटिनिक ॲसिटिलकोलीन ग्राही हा चेतापेशीच्या पटलावरील, पाच उपघटकांचा बनलेला प्रथिनरेणू होय. उपघटकांची घडी व जुळणी पेशीच्या आंतर्द्रव्यजालिकेत होते. अभ्यासासाठी या ग्राहीचे जनुक दुसऱ्या पेशीत घालतात. तिला यजमान पेशी म्हणतात. जनुक तेच असले, तरी प्रत्येक यजमान पेशीत कार्यक्षम ग्राही तयार होत नाही.

अल्फा-७ या उपघटकाबाबत कूपर व मिलर यांनी १९९७ मध्ये हे दाखवले. प्रथिन सर्व पेशींत तयार झाले, पण त्याची योग्य घडी काही पेशींतच पडली. ही घडी मण्यारीच्या जातकुळीतील एका सापाच्या विषातील अल्फा-बंगारोटॉक्सिनने ओळखतात. रिक-३ व नाचो या साहाय्यक प्रथिनांचा शोध लागल्यावर या फरकाचे कारण बरेचसे उलगडले.

जळगाव व धुळे या कापूस पिकवणाऱ्या जिल्ह्यांत हा प्रश्न प्रयोगशाळेपुरता राहत नाही. कपाशीवरील मावा, तुडतुडे अशा रसशोषक किडींवर वापरले जाणारे इमिडाक्लोप्रिड हे निओनिकोटिनॉइड कीटकांच्या याच ग्राहीला चिकटते, आणि फुलांवर येणाऱ्या मधमाशीतही हा ग्राही असतो. मात्र कीटकांचे ग्राही परक्या पेशीत सहसा जुळत नसत. त्यामुळे कीटकाच्या अल्फा उपघटकाला कोंबडीचा किंवा उंदराचा बीटा-२ उपघटक जोडून अनेक वर्षे काम भागवले गेले. अशा मिश्र ग्राहीवरून मधमाशीविषयी निष्कर्ष काढणे जोखमीचेच होते. २०२० मध्ये जपानमधील किंदाई विद्यापीठाचे संशोधक व त्यांचे सहकारी यांनी बेडकाच्या अंडपेशीत टीएमएक्स-३ हे साहाय्यक प्रथिन पुरवले. तेव्हा मधमाशीचे ग्राही तेथे जुळून आले व अत्यल्प मात्रेतील निओनिकोटिनॉइडांचा त्यांच्यावरील परिणाम मोजता आला.