चार विसा आणि बोंजूर

दिवाळीच्या कार्यक्रमात भेट झाली की मंडळी हमखास विचारतात, "काय, फ्रान्सचं घर कसं आहे? आणि भाषेचं कसं जमतं हो?" हातात फराळाची बशी घेऊन उभ्या उभ्या ह्याचं उत्तर देता येत नाही. म्हणून हा लेखप्रपंच.

लिमोज शहरापासून तासाभरावरच्या एका खेड्यात आम्ही २०१८ साली एक जुनं दगडी घर घेतलं. पुण्याला अकरावी-बारावीला मी फ्रेंच घेतलं होतं. आपल्याकडे बरीच मुलं घेतात त्याच कारणासाठी, म्हणजे मार्क चांगले पडतात म्हणून! क्रियापदं तोंडपाठ होती. त्यामुळे भाषेचं खातं आपोआप माझ्याकडे आलं. "तुला येतं ना फ्रेंच?" म्हणून आमचे हे मोकळे झाले.

पहिल्याच सकाळी बेकरीत जाऊन मी व्याकरणशुद्ध वाक्यात पाव मागितला. बाईंनी पाव दिला, पण चेहरा असा की जणू मी फुकटच मागितला होता. चूक काय झाली ते पुष्कळ दिवसांनी कळलं. मी 'बोंजूर' म्हटलंच नव्हतं. तिथे दुकानात शिरताना आधी 'बोंजूर, मादाम', मग काम, आणि निघताना 'मेर्सी, ओ रव्वार'. हे गाळून थेट मागणी करणं म्हणजे आपल्याकडे कुणाच्या घरात चपला न काढता शिरण्यासारखं. व्याकरण चुकलेलं चालतं, हे चुकलेलं चालत नाही.

तरीही पहिली काही वर्षं माझं फ्रेंच पाव आणि टोमॅटोच्या पुढे सरकलं नाही. शेजारच्या वयस्क मादाम कुंपणापाशी उभ्या राहून भरभरून बोलायच्या आणि मी 'वी, वी' म्हणत मान डोलवायची. मग २०२३ च्या जानेवारीत, आम्ही लंडनला असताना, रात्री त्यांचा फोन आला. त्यातलं 'पाणी' एवढंच कळलं. समोर माणूस असला की हातवारे असतात, चेहरा असतो. फोनवर नुसता आवाज! त्यांनी प्लंबरचा नंबर सांगितला, मी तो भराभर लिहून घेतला आणि फिरवला, तर लागेचना.

घोटाळा असा, की फ्रान्समध्ये फोनचे दहा आकडे दोन-दोनच्या पाच जोड्यांत सांगतात. आणि तिथल्या फ्रेंचमध्ये सत्तरला सरळ शब्दच नाही. पंचाहत्तर म्हणजे 'स्वासाँत-काँझ', साठ-पंधरा. मी 'साठ' ऐकून ६० लिहिलं आणि पुढे 'पंधरा' ऐकून १५. जोड्या झाल्या सहा! तोवर मादामनीच आमच्या घराचा मुख्य नळ बंद करवून घेतला होता. नाहीतर खालची लाकडी जमीन गेलीच होती.

त्या रात्री ठरवलं, आता हे शिकायचंच. सुरुवात आकड्यांपासून केली. ऐंशी म्हणजे 'कात्र-वँ', चार वीस. आपली खेड्यातली जुनी माणसं 'चार विसा' म्हणायची ना, अगदी तेच! त्र्याण्णव म्हणजे चार विसा नि तेरा. हसू नका, आपलं 'एकोणऐंशी' परक्या माणसाला समजावून बघा! लंडनमध्ये मी बसचे नंबर आणि गाड्यांच्या पाट्या मनातल्या मनात फ्रेंचमध्ये वाचत असे. दोन-तीन महिन्यांत कान तयार झाला.

एक सांगते, मराठी माणसाला ही भाषा इंग्रजांपेक्षा काही बाबतींत सोपी जाते. 'त्यू' आणि 'वू' म्हणजे आपलं 'तू' आणि 'तुम्ही'. 'वू' अनेकांनाही चालतं आणि आदरार्थी एकालाही. थोरामोठ्यांनी आपण होऊन सांगेपर्यंत 'वू'च म्हणावं. त्यांचे 'त' आणि 'द' दाताला जीभ लावूनच येतात. निर्जीव वस्तूंना लिंग असतं ह्याचं आपल्याला नवल वाटत नाही. मात्र घशातला 'र' आणि ओठांचा चंबू करून आतून म्हणायची 'ई', ह्यांना घोटावंच लागतं.

जेवायला बोलावलं तर मात्र सांभाळा. "अजून घेणार?" असं विचारल्यावर मी कौतुकानं "मेर्सी" म्हटलं, आणि भांडं पुढे गेलं! अशा वेळी 'मेर्सी' म्हणजे 'नको'. हवं असेल तर 'वोलाँत्ये', म्हणजे 'आनंदानं', म्हणावं. आपल्यासारखा आग्रह तिथे होत नाही, त्यामुळे 'नको, नको' करणारा उपाशी राहतो.

१ जानेवारी २०२१ पासून ब्रिटिश पासपोर्टवर व्हिसाशिवाय १८० दिवसांत ९०च दिवस राहता येतं. तेव्हा मिळालेला दिवस वाया घालवायचा नाही. आमचा नियम असा: रोज एक काम पायी जाऊन, तोंडानं बोलून करायचं. आठवडी बाजारात दर वेळी त्याच भाजीवाल्याकडे जायचं, म्हणजे कालच्या गप्पा पुढे चालू राहतात. मेरीत, म्हणजे गावच्या नगरपालिकेत, जाण्याआधी लागणारी चार वाक्यं कागदावर लिहून न्यायची. दुकानं बारा ते दोन बंद, तेव्हा त्या आत जायचं. समोरच्यानं इंग्रजी सुरू केलं तरी आपण फ्रेंच सोडायचं नाही. आणि समजलं नाही तर 'वी' म्हणायचं नाही; 'प्लू लाँतमाँ, सिल वू प्ले', जरा सावकाश, असं म्हणायचं. माझ्या मते सगळ्यांत उपयोगी वाक्य हेच.

गेल्या उन्हाळ्यात मादाम पुन्हा कुंपणापाशी आल्या. सावकाश बोलत होत्या. पाय आता साथ देत नाहीत, हिवाळ्यापूर्वी घर विकून लेकीच्या गावी जायचं ठरलं आहे, आणि परसातलं अक्रोडाचं झाड नवऱ्यानं लावलेलं, म्हणून जीव अडकतो. मला सगळं कळलं. पूर्वीसारखं 'वी, वी' करून मी हसत घरात आले असते, तर त्यांना काय वाटलं असतं!

मी त्यांना आत बोलावलं आणि आल्याचा चहा केला. त्यांचा कप रिकामा झाल्यावर विचारलं, "अजून घेणार?"

"वोलाँत्ये," त्या म्हणाल्या.