अशीरगडाच्या आधीचा लळिंग

फैजपूर, सावदा, रावेर या पट्ट्यातल्या माणसाला फारुकी सुलतानांचा इतिहास विचारला, तर तो बऱ्हाणपूरकडे बोट दाखवतो. ते साहजिकच आहे. बाजाराची वाट तिकडची आणि सातपुड्याच्या सोंडेवरचा अशीरगडही तिकडचा. दख्खनची किल्ली म्हणून अशीरगडाची कीर्ती दिल्लीपर्यंत गेली. पण हे राज्य अशीरगडावर जन्माला आले नाही. त्याची पहिली पावले तापीकाठच्या थाळनेरला आणि धुळ्याजवळच्या एका लहान डोंगरी किल्ल्यावर पडली. तो किल्ला म्हणजे लळिंग.

धुळ्याहून मुंबई-आग्रा महामार्गाने मालेगावकडे निघाले की दहाएक किलोमीटरवर लळिंग घाट लागतो. उजाड दिसणाऱ्या डोंगरावरची तटबंदी खालूनही ओळखू येते. पायथ्याच्या लळिंग गावात महादेवाचे हेमाडपंती मंदिर आहे. फारुकींच्या आधीपासून या वाटेवर वस्ती आणि राबता होता, याची ती दगडी साक्ष आहे.

दोन भाऊ, दोन किल्ले

१३७० मध्ये दिल्लीच्या फिरोजशहा तुघलकाने मलिक राजा फारुकी याला थाळनेर आणि करवंद हा मुलूख जहागीर म्हणून दिला. पुढे दिल्लीचा वचक ओसरला, तसा मलिक राजा स्वतंत्रपणे कारभार पाहू लागला. १३९९ मध्ये त्याचा मृत्यू झाला आणि राज्य दोन मुलांत वाटले गेले. धाकट्या इफ्तिखारकडे थाळनेर आले आणि थोरल्या नासिरखानाकडे लळिंग.

वाटणीत थोरल्याला हा डोंगर मिळाला, यातच त्याचे महत्त्व दिसते. थाळनेरला नदी होती, सुपीक जमीन होती. लळिंगच्या हातात रस्ता होता. दख्खनमधून मालेगावच्या बाजूने तापीच्या खोऱ्यात उतरणारा माणूस, बैलांचा तांडा किंवा फौज याच खिंडीतून जाई. किल्ला लहान असला तरी जकात आणि पहारा, दोन्हींसाठी ही जागा मोक्याची होती.

पण तिचा धोकाही तेवढाच होता. नासिरखानाने अशीरगड कसा घेतला, याची जी हकिगत इतिहासकार फरिश्ता सांगतो, तिच्यात लळिंग येतो. बागलाण, अंतूर आणि खेर्ला इथले राजे उठले आहेत, लळिंग शत्रूच्या फार जवळ आहे, तेव्हा माझ्या कुटुंबाला आसरा द्या, असा निरोप नासिरखानाने अशीरगडाचा धनी आसा अहिर याला धाडला. आसाने विश्वासाने दार उघडले. डोल्यांतून उतरले ते हत्यारबंद शिपाई. हकिगतीतला तपशील कितीही रंगवलेला असो, ‘लळिंग शत्रूच्या जवळ आहे’ ही सबब आसाला पटली. कारण ती खरी होती.

त्यानंतर नासिरखानाने तापीकाठी बऱ्हाणपूर वसवले. सुफी संत बुऱ्हाणुद्दीन गरीब यांचे नाव त्या शहराला दिले. १४१७ मध्ये माळव्याच्या मदतीने त्याने भावाकडून थाळनेरही घेतले. राज्याचे तोंड आता पूर्वेकडे वळले.

शेवटचा आसरा

तरी नासिरखानाची अखेर लळिंगशीच बांधलेली होती. त्याची मुलगी बहमनी सुलतान अलाउद्दीन अहमदशहाला दिलेली होती. सुलतानाने संगमेश्वरच्या राजकन्येशी लग्न करून तिला मान दिला, तेव्हा मुलीने बापाकडे गाऱ्हाणे केले. नासिरखान वऱ्हाडात घुसला. बहमनी सेनापती खलफ हसन त्याच्यावर चालून आला. रोहणखेडच्या घाटात खानदेशी फौज मोडली, बऱ्हाणपूर लुटले गेले आणि नासिरखान मागे हटत लळिंगला आला. इथेही पराभवच वाट्याला आला. १४३७ मध्ये तो मरण पावला. त्याचे दफन थाळनेरला, बापाच्या शेजारी झाले. अशीरगडासारखा बलाढ्य किल्ला हाती असताना त्याची शेवटची लढत लळिंगला झाली, हे विसरता येणार नाही.

कातळ आणि पाणी

लळिंगचे बांधकाम समजून घ्यायचे तर पाण्यापासून सुरुवात करावी. सह्याद्रीप्रमाणे इथलाही कातळ बसाल्टचा, थरांवर थर रचलेला. अखंड, भेगा नसलेला थर पाहून त्यात टाकी खोदली की पावसाचे पाणी साठते आणि खोदकामातून निघालेला दगड तटाला कामी येतो. लळिंगवरची कातळात खोदलेली टाकी ही कमी पावसाच्या या मुलुखात किल्ल्याची खरी ताकद होती. तटाला वेढा पडला तरी तट काही काळ टिकतो, टाके आटले की शिबंदी खाली उतरते.

कडा जिथे सरळ तुटलेला आहे तिथे निसर्गानेच तट बांधला आहे. माणसाने भिंत घातली ती चढाच्या बाजूला. दरवाजाचे अवशेष, जंग्या आणि चर्या असलेली तटबंदी, पडक्या कोठारांच्या भिंती एवढेच आज उरले आहे. महाल, बागा, कारंजी शोधायची तर बऱ्हाणपूरला जावे. लळिंग हे पहाऱ्याचे ठाणे होते आणि त्याच्या वास्तूत एकही दगड शोभेसाठी वाया घालवलेला नाही.

नंतरची शतके

१७ जानेवारी १६०१ रोजी अशीरगड अकबराच्या हाती पडला आणि फारुकींचे राज्य संपले. त्यानंतर मोगल, निजाम आणि मराठे असे धनी बदलत गेले. १७५२ च्या भालकीच्या तहाने निजामाकडून खानदेशाचा मोठा भाग मराठ्यांकडे आला. १८१८ मध्ये इंग्रजांचा अंमल बसला. कॅप्टन जॉन ब्रिग्जने धुळ्याला ठाणे केले आणि डोंगरावरून रस्ता राखण्याची गरज संपली. किल्ला ओस पडला.

डोंगराचे नाव मात्र पुन्हा गाजले.  जुलै १९३७ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर खटल्याच्या निमित्ताने धुळ्याला आले आणि लळिंगच्या कुरणातल्या लांडोर बंगल्यात मुक्कामाला राहिले. त्या आठवणीने आजही दर ३१ जुलैला तिथे हजारो लोक जमतात.

जो समाज एका मुक्कामाची आठवण इतक्या निष्ठेने जपतो, त्याला वर डोंगरावरचा किल्ला जपणे जड नाही. टाक्यांतला गाळ काढणे, तटाच्या सांध्यांत रुजलेली झाडे तट फोडण्याआधी जाणकारांच्या देखरेखीखाली काढणे, अवशेषांचा नकाशा करून पायथ्याला मराठीत फलक लावणे, ही कामे फार खर्चाची नाहीत. खानदेशातल्या शाळांच्या सहली दूरच्या किल्ल्यांवर जातात. त्यांनी आधी थाळनेरच्या कबरी पाहाव्यात, मग लळिंगला यावे आणि शेवटी अशीरगड चढावा. आपल्या मुलुखाचा इतिहास त्याच क्रमाने घडला आहे.