अभिरूप आंतरराष्ट्रीय न्यायालय : भूमिकापत्राची तयारी

अभिरूप न्यायालयात विद्यार्थी एखाद्या राष्ट्राची बाजू मांडतात. त्यांच्या भूमिकापत्रात वस्तुस्थिती, वादमुद्दे, कायद्याचा आधार व मागणी क्रमाने यावीत. प्रतिपक्षाच्या सबळ पुराव्यासही उत्तर असावे.

दमणहून दादरा-नगरहवेलीस जाण्याच्या मार्गहक्कासाठी पोर्तुगालने १९५५ साली हेग येथे भारताविरुद्ध केलेला दावा या दृष्टीने अभ्यसनीय आहे. मराठ्यांनी पोर्तुगीजांना सार्वभौमत्व नव्हे, केवळ महसुलाचा हक्क दिला होता, हे न्यायालयास पटले; मात्र पुढे इंग्रजांनी पोर्तुगीज सत्ता मूकपणे मान्य केली, हेही त्याने नोंदविले. १२ एप्रिल १९६० च्या निकालात मार्गहक्क खासगी व्यक्ती, मुलकी अधिकारी व सर्वसाधारण माल यांपुरताच ठरला. सशस्त्र दलांस तो नाकारला गेला. भारताकडून कर्तव्यभंग झाला नाही, असाही निर्णय झाला.

देशाभिमान स्वाभाविक असला, तरी न्यायासनापुढे पुरावाच बोलतो, हा धडा विद्यार्थ्यांनी घ्यावा.